कुदळ खुंटीला, भाजी ताटात

माघ अर्धा सरला की आपल्या किनाऱ्यावर थंडी पहाटेपुरतीच उरते. दहा वाजता अंगणात पाय ठेवला की ऊन चटका देते. आंगणेवाडीच्या जत्रेला जाऊन आलेली माणसे दोन दिवस विसावतात आणि मग माझ्या दवाखान्यात कंबर धरून चालणाऱ्यांची रांग लागते. मळ्यातला मुळा आणि तांबडी भाजी संपत आलेली असते. विहिरीचे पाणी तळाला जाण्यापूर्वी उन्हाळी भाजीचे नवे वाफे तयार करायचे असतात. भात कापल्यापासून उन्हाने वाळलेली जमीन तोवर चिऱ्यासारखी कडक होते. तिच्यावर कुदळ घातली की जमीन फुटायच्या आधी माणूस मोडतो.

वाचकहो, आज मी तुम्हाला कंबरदुखीवर गोळी सांगणार नाही. कुदळ न उचलता भाजी कशी पिकवावी, ते सांगणार आहे. डॉक्टरने शेतीत नाक खुपसू नये, असे कुणी म्हणेल. पण हा विषय माझ्याकडे दवाखान्यातूनच आला.

काकींचा प्रश्न

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. सत्तरीच्या एक काकी पाठीच्या दुखण्याने आल्या. एक्स-रे काढला तर हाडे ठिसूळ झालेली आणि पाठीचा एक मणका दबलेला. मी त्यांना नियमाप्रमाणे सांगितले, ‘‘काकी, आजपासून वाकून खणायचे नाही, कळशी उचलायची नाही.’’ त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘डॉक्टरानू, मगे आता मी करू काय? घरात नुसती बसान रवलंय तर हातपाय जखडान जातले.’’

नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगा मुंबईला. घरामागचा तीन गुंठ्यांचा मळा हाच त्यांचा दिवस होता. मी त्यांना कॅल्शियम लिहून दिले, सकाळी अंगणात चाला असे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. पुढल्या वेळी त्या आल्या तेव्हा त्यांचे वजन घटले होते. जेवण जात नव्हते, झोप नव्हती. मळ्यात रान माजले होते. मणका सांभाळला होता, पण माणूस खचत चालले होते. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, हे खरे.

ते उत्तर मिळायला माझी स्वतःची कंबर जावी लागली. पाच वर्षांपूर्वी याच दिवसांत परड्यात वाफे खणताना मी कुदळ उचलली, अंग वळवले आणि तसाच खाली बसलो. कमरेची गादी सरकलेली, डाव्या पायात कळ आणि तीन आठवडे अंथरूण. वाकलेल्या स्थितीत वजन उचलून अंग पिळले की मणक्यांमधल्या गादीवर सर्वांत जास्त ताण येतो. हेच वाक्य मी तीस वर्षे लोकांना ऐकवत आलो होतो.

अंथरुणाशेजारी बसून सौ.ने विचारले, ‘‘आता वाफे कोण खणतलो?’’ काजूचा हंगाम तोंडावर आलेला, गडी मिळणे कठीण. तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची माझी आई ओटीवरून म्हणाली, ‘‘फणसाखाली कोण खणता? तरी माती बघ कशी भुसभुशीत आसा.’’

काठी टेकत फणसाखाली गेलो. पातेरा बाजूला केला तर खाली काळी, ओलसर माती, हाताने उकरावी अशी. गांडुळांची विष्ठा जागोजागी. चार हातांवर आमचा खणून-खणून दमलेला वाफा होता. तिथली माती लाल, तडकलेली, ओलावा नसलेली. दोन्हींवर पाऊस सारखाच, ऊन सारखेच. फरक एवढाच, की एका मातीवर पांघरूण होते आणि तिला कुणी हात लावला नव्हता.

न खणता माती मऊ कशी?

माती म्हणजे नुसता भुगा नव्हे. तिच्यात गांडुळे, वाळे, बुरशीचे धागे आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. मेलेल्या मुळांच्या जागी पोकळ नळ्या उरतात आणि त्यांतून हवा-पाणी खाली जाते. गांडूळ पालापाचोळा खाली ओढतो आणि खालची माती वर आणतो. म्हणजे नांगरट चालूच असते, पण मजुरीशिवाय. चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने उतारवयात, १८८१ मध्ये, गांडुळांच्या या कामावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

कुदळीने आपण ही घरे मोडतो. माती काही दिवस भुसभुशीत दिसते. पण पाणी घातले की बसते आणि उन्हात पुन्हा घट्ट होते. शिवाय खोल पडून राहिलेले तणाचे बी वर उजेडात येते आणि रुजते. म्हणजे खणण्याचे कष्ट झाले की बेणणीचे कष्ट मागून येतातच. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. उतारावरची मोकळी, उकरलेली माती त्या पावसात व्हाळाला मिळते. माती झाकलेली असली की पावसाचा मारा पांघरुणावर पडतो आणि उन्हाळ्यात ओलावाही टिकून राहतो.

ही काही माझी अक्कल नाही. अमेरिकेत रूथ स्टाऊट नावाच्या बाई होत्या. १९४४ च्या वसंतात त्यांच्या बागेत नांगरवाला वेळेवर आलाच नाही. वाट पाहून त्यांनी न नांगरताच बी लावले आणि त्यावर गवत पसरत राहिल्या. १९५५ मध्ये त्यांनी जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच पाठ न दुखवता बागकाम करण्याची गोष्ट आहे. त्या ९६ वर्षे जगल्या. जपानचे मासानोबू फुकुओका यांनी भातशेती नांगराविना करून दाखवली. त्यांना १९८८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात श्री. अ. दाभोळकर या गणिताच्या प्राध्यापकांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि काडीकचऱ्यापासून सुपीक माती घरच्या घरी कशी करावी, हे सामान्य माणसांना शिकवले. त्यांचे ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक अनेकांच्या घरी असेल.

आणि आपल्या कोकणातच, रायगड जिल्ह्यात नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी ‘सगुणा राईस तंत्र’ विकसित केले. यात गादीवाफे एकदाच करायचे. त्यानंतर नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. साच्याने भोके पाडून बी टोकायचे आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची. भातानंतर त्याच वाफ्यावर वाल, हरभरा किंवा भाजी घ्यायची. चिखलात दिवसभर ओणवे राहून लावणी करणाऱ्या बायकांच्या पाठी मी पाहिल्या आहेत. त्यामुळे या पद्धतीकडे मी डॉक्टर म्हणूनही पाहतो. त्या पद्धतीत तणनाशक वापरले जाते. मात्र घरच्या चार वाफ्यांना त्याची काही गरज नाही. पांघरूण जाड असले की तण आपोआप कमी होते.

वाफा कसा करावा

जागा सहा तास ऊन मिळणारी आणि विहिरीजवळची निवडा. घराच्या भिंतीपासून आणि लाकडी खांबांपासून दूर असावी. याचे कारण पुढे येईलच. लांबी कितीही चालेल, मात्र रुंदी तीन फुटांवर नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, कारण वाफ्यात पाय ठेवायचा नाही. पाय पडला की माती दबते.

रान उपटू नका. कोयत्याने जमिनीलगत कापा आणि तिथेच पसरा. मग जमीन चांगली भिजवा. त्यावर वर्तमानपत्रांचे सात-आठ थर किंवा जुना पुठ्ठा ओला करून, कडा एकमेकांवर चढवून अंथरा. हा अंक वाचून झाला की त्याचाही उपयोग करावा, संपादक रागावणार नाहीत! चकचकीत रंगीत कागद आणि चिकटपट्टी मात्र घेऊ नये. त्यावर दोन-तीन इंच कुजलेले शेणखत घाला. त्यावर वीतभर पातेरा आणि सर्वांत वर भाताचा पेंढा पसरा. वाऱ्याने उडू नये म्हणून वर दोन झावळ्या ठेवा. आठ-पंधरा दिवस झारीने ओल राखा. पातेरा दबून निम्मा होईल, तेव्हा लावणीला हरकत नाही.

नुसता सुका पाला घातला की रोपे पिवळी पडतात. पाला कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र स्वतःसाठी वापरतात, म्हणून असे होते. पहिल्या वर्षी माझी मिरची अशीच पिवळी पडली होती. उपाय सोपा आहे. बांधावरच्या गिरिपुष्पाची कोवळी पाने थरांत मिसळा आणि शेणाचे पातळ पाणी मुळाशी द्या. सुरूची पाने फार घालू नका, ती कुजायला वेळ लागतो. किनाऱ्यालगतच्या पुळणीत पाणी झिरपून जाते, तिथे हेच थर दुप्पट जाड करावेत. नारळाची सोडणे उलटी करून तळाला ठेवली तर ती ओल धरून ठेवतात.

चवळी, भेंडी, दुधी, भोपळा यांचे बी पेंढा बाजूला सारून, खतात बोटभर खोल टोकावे. पुठ्ठा अजून घट्ट असेल तर तेवढ्या जागी चीर द्यावी. वांगी-मिरचीची रोपे तशीच लावावीत. तांबड्या भाजीचे बी बारीक असते, ते पेंढ्यात रुजत नाही. त्यासाठी हातभर पट्टा मोकळा करून, चाळलेल्या खताचा थर देऊन बी फेकावे आणि रोपे चार बोटे झाली की पेंढा जवळ सरकवावा. पीक संपल्यावर रोप उपटू नये. बुंधा कापून मुळे आत सोडावीत. दरवर्षी वरून खत आणि पातेरा घातला की झाले.

आता पातेरा कुठून आणायचा? याच दिवसांत आपण तो गोळा करून भाजावळीसाठी जाळतो. तरव्याच्या जागी आग गेली की तण आणि कीड मरते, राख मिळते, हे शेतकऱ्याचे म्हणणे मला मान्य आहे. पण शिमग्याच्या मागेपुढे गावावर धुराचा पडदा असतो आणि माझ्याकडे दम्याच्या रुग्णांची धाप वाढलेली असते. सगळी भाजावळ आजच बंद करा, असे मी म्हणणार नाही. अंगणातला आणि परड्यातला पाला तरी पेटवू नका. झाडून काढायला घेतलेले कष्ट वाया जातात आणि वर छातीत धूर जातो.

वैद्यकीय सावधगिरी

आता माझ्या खात्याचा विषय. पांघरूण गांडुळांना आवडते तसे ते विंचवाला आणि फुरशालाही आवडते. हे न सांगता कुणी तुम्हाला पेंढा पसरायला सांगत असेल, तर तो अर्धेच सांगतो आहे.

दुसऱ्या वर्षी सौ. वांगी काढत होत्या. पेंढ्यात पडलेले एक वांगे उचलायला त्यांनी हात पुढे केला आणि करवतीने लाकूड घासावे तसा आवाज आला. वीतभर अंतरावर फुरसे वेटोळे घालून बसले होते. हात मागे आला म्हणून मी आज हा लेख लिहितो आहे. त्या संध्याकाळी सगळा पेंढा काढून टाकावा, असे वाटले होते. मग रीतसर विचार केला आणि घरात नियम घातले. वाफ्याजवळ जाताना काठीने पेंढा आपटायचा. दिसत नाही तिथे हात घालायचा नाही. पेंढा सरकवायला लांब दांड्याचे दाताळे वापरायचे. पायात गमबूट. अंधारात मळ्यात जायचे नाही. वाफ्याच्या कडेला चिरे लावले असतील तर त्यांच्या फटी मातीने भराव्यात, तिथे विंचू बसतात. घर आणि वाफा यांत निदान पाच-सहा हात जागा स्वच्छ झाडलेली ठेवावी. वाळवीसाठीही हे अंतर लागते, कारण तिला पुठ्ठा आणि सुका पेंढा फार प्रिय. थर ओला राहिला की तिचा त्रास कमी होतो.

साप चावलाच तर करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडाने विष ओढू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला भाग न हलवता रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या. १०८ क्रमांकाला फोन करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर प्रतिविष आहे. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली, तर एक मिनिटही घरी थांबू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातल्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते औषध वेळेवर मिळणे महत्त्वाचे.

आणखी काही. अनवाणी ओल्या मातीत काम करू नका, अंकुशकृमी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि रक्त पितात. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. पावसाळ्यात उंदरांमुळे लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, तेव्हा पायाला जखम असताना मळ्यात उतरू नये. ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर अंगावर काढू नये. करवंट्यांत पाणी साचू देऊ नका. कच्चे शेण मुळा-कोथिंबिरीच्या वाफ्यात घालू नका आणि भाजी वाहत्या पाण्याने धुऊनच घ्या.

ताटात काय पडते?

जागतिक आरोग्य संघटना रोज माणशी निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खायला सांगते. आपल्या ताटात भात आणि माशाची कढी भरपूर, भाजी मात्र लोणच्यासारखी एका कोपऱ्यात. बाजारातून विकत आणायची म्हटले की हात आखडतो. दाराशी असली की मूठभर जास्त कापली जाते. तांबड्या भाजीत लोह, फोलिक आम्ल आणि अ जीवनसत्त्वाला कारण होणारे कॅरोटीन असते. तिच्यावर लिंबू पिळावे, म्हणजे लोह चांगले शोषले जाते. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, त्याने उलटे होते. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

व्यायामाचेही तसेच आहे. आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम श्रम करावेत, असे सांगितले जाते. रोज सकाळी पाऊण तास झारी धरणे, वेल चढवणे, भाजी खुडणे यात तो हिशेब पुरा होतो, वर कोवळे ऊन मिळते. झारी अर्धीच भरा, ओणवे होण्याऐवजी लहान स्टुलावर बसा आणि अंग पिळण्याऐवजी पाय वळवा.

शेवटी काकींकडे येतो. माझी कंबर सुधारल्यावर पुढल्या माघात मी त्यांच्या घरी गेलो, सोबत पातेऱ्याची चार पोती आणि शेजारचा एक मुलगा. त्यांच्या मागल्या दारी आम्ही चिरे लावून गुडघाभर उंचीचा, दहा फूट लांबीचा एकच वाफा केला. काकी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या. ‘‘खणल्याशिवाय भाजी? माका काय खरा दिसत नाय,’’ असे त्या चारदा म्हणाल्या. महिन्याभराने त्याच मुलाच्या हाती दवाखान्यात तांबड्या भाजीची जुडी आली.

त्यांचा मणका आहे तसाच आहे, मी तो बरा केलेला नाही. औषधे चालू आहेत. पण वजन भरले, झोप लागते, आणि तपासणीला येतात तेव्हा दुखण्याआधी चवळीची बातमी सांगतात. एखाद्याला ‘हे करू नका’ असे सांगताना त्याऐवजी काय करायचे, तेही सांगायला हवे, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

तेव्हा वाचकहो, सगळा मळा एकदम बदलायला जाऊ नका. या रविवारी दहा फूट बाय तीन फूट जागा निवडा आणि एक वाफा झाका. शेजारी तुमचा नेहमीचा खणलेला वाफाही असू द्या. वैशाखात दोन्हींची माती मुठीत घेऊन पाहा आणि मग कुदळीचे काय करायचे, ते तुम्हीच ठरवा.